कपाटाला किती जागा सोडायची?

भिलाई टाउनशिपमधल्या कित्येक क्वार्टरांच्या भिंतींनी आता साठी ओलांडली आहे. पोलाद कारखान्याची पहिली धमनभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि तिच्या आगेमागेच सेक्टरांमधली घरं उभी राहिली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियाकडून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं याच घरांमध्ये राहिली, रुळली, इथलीच झाली. त्या भिंतींवर तेव्हापासून चुना चढला, डिस्टेंपर चढला, पुट्टी चढली. ओल आली तिथलं प्लास्टर खरवडून नवं लागलं. अशी भिंत सरळ दिसते, पण ओळंबा लावला की तिचं खरं रूप कळतं.

या भिंतींच्या मध्ये अलीकडे लोक स्वतःच कपाट बसवतात. मापं घ्यायची, दुकानातून प्लायचे तुकडे मशीनवर कापून आणायचे आणि घरी जोडायचे. जोडताना सगळं ठीक असतं. बसवताना मात्र कपाट आत जात नाही, गेलं तर दारं घासतात, आणि दारं जुळवली तर खण अडकतात. मग काय करायचं याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. ती मी इथे एका मामाला आणि एका भाचीला वाटून दिली आहेत. माणसं मी उभी केलेली आहेत. अडचणी अशा घरांमधल्या नेहमीच्याच आहेत. मामा-भाचीच का, तर छत्तीसगढात भाचा-भाचीचा मान मोठा. कौसल्या इथल्या कोसलची लेक, म्हणून राम इथला भाचा, आणि म्हणून मामाच भाच्याच्या पाया पडतो. इतकी वर्षं इथे राहिलेल्या मराठी घरांतही तो मान थोडाफार उतरला आहे. वयानं मोठा असलेला माणूस लहानाचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतो, असं नातं मला या वादासाठी हवं होतं.

मामाजी कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले. भाचीनं कपाट स्वतः आखलं आणि स्वतः जोडलं. श्रावणातला दिवस, बाहेर झड लागलेली. कपाट कोनाड्यात अर्धवट शिरून अडलेलं आहे.

भाची : मामाजी, माप मी लेझरनं घेतलं होतं. १८३६ मिलिमीटर. ९१७ चे दोन डबे केले, म्हणजे १८३४. दोन मिलिमीटर मोकळे ठेवले होते. तरी वरच्या बाजूला अडतंय.

मामाजी : माप कुठे घेतलंस?

भाची : मधे. कमरेच्या उंचीवर.

मामाजी : आता खाली घे आणि वर घे.

(खाली १८४२ भरतं. वर, माळ्याच्या स्लॅबखाली, १८२६. डावी भिंत ओळंब्यात आहे. उजवी वर येताना आत झुकलेली आहे.)

भाची : म्हणजे सोळा मिलिमीटरचा फरक! तरी उपाय सोपा आहे. उजव्या भिंतीचं वरचं प्लास्टर आठ-दहा मिलिमीटर छिलून काढते. कपाट जसंच्या तसं आत जाईल.

मामाजी : आतल्या भिंतीचं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिलिमीटरचं असतं. त्यातलं दहा छिललंस तर उरलं काय? बोटानं वाजवून पाहा. इथे भरीव वाजतंय, इथे पोकळ. पोकळ जागी छिन्नी लागली की ताटाएवढा पोपडा खाली येतो. मग कपाट राहतं बाजूला आणि आधी गवंडी शोधावा लागतो.

भाची : मग तुमचं म्हणणं काय? कपाट कापायचं?

मामाजी : हो. दोन्ही डबे वीस-वीस मिलिमीटरनं अरुंद करायचे. ८९७ चे दोन, म्हणजे १७९४. वर ३२ मोकळे, खाली ४८.

भाची : एवढी जागा वाया! मामाजी, खोली दहा बाय बारा आहे. इथे मी एकेक इंच मोजून घेतलाय. आणि ती फट उघडी ठेवली तर धूळ, पाली, झुरळं. झाकली तर लोक म्हणतील, माप चुकलं म्हणून पट्टी मारली.

मामाजी : लोक कपाट उघडून आतली मापं घेत नाहीत. तू मात्र रोज दोनदा दार उघडणार आहेस.

इथे मला मध्येच बोलावंसं वाटतं. ‘भिंतीला भिडलेलं’ म्हणजे चांगलं बसलेलं, ही समजूत फार पक्की आहे. तयार फर्निचरच्या जाहिरातीत कपाट भिंतीतूनच उगवल्यासारखं दिसतं. पण तिथेसुद्धा डबा भिंतीला टेकलेला नसतो. डब्याच्या आणि भिंतीच्या मधे एक पट्टी असते, ती भिंतीच्या वळणानुसार कापलेली असते, आणि नीट कापलेली असल्यामुळेच डोळ्याला कळत नाही. अनुभवी मिस्त्री ही पट्टी चूक झाकायला लावत नाही. भिंत वाकडी निघणार हे धरून तो तिची जागा आधीच सोडतो. भाचीनं दोन मिलिमीटर सोडले होते. ते भिंत सरळ आहे असं समजून सोडलेले दोन मिलिमीटर होते.

भाची : बरं, समजा डबे अरुंद केले. दारांचं काय? उजव्या डब्याची दारं मधे एकमेकांवर चढतात, वर तर पाच मिलिमीटर खाली-वर आहेत. पण बिजागऱ्यांना स्क्रू आहेत. पुढचा फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, मागचा सैल केला की आत-बाहेर, आणि पट्टीचे लांबट छिद्रातले स्क्रू ढिले केले की वर-खाली. मी त्यातच जुळवून घेते.

मामाजी : प्रत्येक दिशेला किती सरकतं?

भाची : दोन मिलिमीटर. फार तर तीन.

मामाजी : आणि तुझा डबा किती झुकलाय ते पाहिलंस? ही पाणसळ धर. फरशी डब्याच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत तीन मिलिमीटर उतरते. डबा नऊशे रुंद, एकवीसशे उंच. खाली तीनचा उतार असेल तर वरचं टोक किती सरकेल?

भाची : तीन गुणिले एकवीसशे भागिले नऊशे... सात.

मामाजी : सात मिलिमीटर. तुझा स्क्रू दोनच देतो. तो सगळा फिरवूनही पाच उरणारच. आणि स्क्रू शेवटच्या टोकापर्यंत फिरवून ठेवलास, तर पुढच्या वर्षी दार थोडं लटकलं की फिरवायला काही उरणार नाही.

भाची : म्हणून मी म्हणत होते की दाराची कड रंध्यानं थोडी मारू.

मामाजी : दार चुकलेलंच नाही, बेटा. दार मशीनवर कापलंय, त्याचे चारही कोन काटकोनात आहेत. ज्या चौकटीत ते लावलं ती तिरपी आहे. तू सरळ असलेल्या गोष्टीला वाकड्याच्या मापानं कापायला निघालीस. कर्ण मोजलेस का?

(डब्याचे दोन कर्ण मोजले जातात. एक दुसऱ्यापेक्षा नऊ मिलिमीटरनं मोठा आहे.)

भाची : हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. तुकडे तर बरोबर मापाचे होते.

मामाजी : तुकडे बरोबर असले तरी चौकोन कलू शकतो. चार बाजू बरोबर आणि कर्ण वेगळे, म्हणजे तो आयत नाही. डब्याला काटकोनात धरून ठेवतो मागचा सहा मिलिमीटरचा प्लाय. तो ठोकण्याआधी कर्ण मोजायचे, सारखे करायचे, मग ठोकायचं. तू ठोकलास कसा?

भाची : उभ्यानंच. आडवा जोडून उभा करायला गेले तर माळ्याला अडत होता.

ही अडचण फार घरांत येते आणि फार थोडे लोक तिचा आधी विचार करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. माळ्याच्या स्लॅबखाली २१५० मिलिमीटर उंची आहे. कपाट २१०० उंच आणि ६०० खोल. कागदावर पन्नास मिलिमीटर शिल्लक दिसतात. पण जमिनीवर आडवं असलेलं कपाट उभं करताना त्याचा कर्ण फिरतो, आणि तो भरतो २१८४. म्हणजे ते उभं होऊच शकत नाही. मग माणूस ते जागेवरच, उभ्यानं, ओढूनताणून जोडतो. काटकोन तिथेच हातातून सुटतो, आणि त्याची शिक्षा पुढे दारांना मिळते. यावरची जुनी युक्ती साधी आहे. खाली शंभर मिलिमीटरची वेगळी चौकट करायची, तिच्याखाली पाचरी देऊन ती पाणसळीत आणायची, आणि तिच्यावर दोन हजार उंचीचा डबा ठेवायचा. दोन हजार आणि सहाशेचा कर्ण २०८८. माळ्याखाली सहज फिरतो. शिवाय फरशीचा उतार त्या एका चौकटीतच संपतो, वरच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. फरशीलगतची टाइलची पट्टी पुढे आलेली असते, तिच्यासाठीही चौकट तेवढी आखूड करता येते. डब्याच्या बाजूला खाचा मारत बसावं लागत नाही.

भाची : म्हणजे सगळं खोलायचं.

मामाजी : मागचा प्लाय काढायचा, खालून शंभर कापायचे, रुंदीतून वीस काढायचे, कर्ण जुळवायचे, प्लाय पुन्हा ठोकायचा. दारंही तेवढीच आखूड होतील, आणि प्रत्येक दार सेंटिमीटरभर अरुंद. कापलेल्या कडांना नवी पट्टी चिकटवायची. दोन दिवसांचं काम आहे. रंधा मारत बसलीस तर दरवर्षी मारावा लागेल.

भाची : ठीक. डब्याबद्दल तुमचं मान्य. पण तुम्ही सगळ्याच गोष्टींना जागा सोडा म्हणता, ते मला पटत नाही. खण पाहा. चॅनलला दोन्ही बाजूंना पावणेतेरा-पावणेतेरा मिलिमीटर लागतात. तिथे मी उदारपणे दोन मिलिमीटर जास्त सोडले असते तर खण हिंदकळला असता, चॅनलमधल्या गोळ्या बाहेर आल्या असत्या. काही जागी नेमकेपणाच लागतो.

मामाजी : बरोबर आहे. डबा अरुंद झाला की खणही तेवढाच अरुंद करावा लागेल, आणि तिथे मिलिमीटरभरही इकडेतिकडे नको. जास्त कापलं गेलं तर चॅनलमागे सनमाईकाची चकती द्यायची, रेटायचं नाही.

भाची : मग नियम काय राहिला? कधी नेमकं, कधी ढिलं?

मामाजी : जिथे तू दोन्ही बाजू बनवल्यास, तिथे नेमकं. जिथे एक बाजू दुसऱ्या कुणाची आहे, तिथे जागा सोड. भिंत तुझी नाही, ती गवंड्याची आणि साठ वर्षांची आहे. फरशी तुझी नाही. आणि पावसाळाही तुझा नाही.

भाची : पावसाळ्याचा काय संबंध? हे तर प्लाय आहे.

मामाजी : डबा प्लायचा आहे. खणांचे दर्शनी भाग कशाचे आहेत?

(खणांचे दर्शनी भाग आजीच्या जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्यांचे आहेत. भाचीनं हौसेनं लावले. मे महिन्यात ते छान सरकत होते. आता तिन्ही खण एकमेकांत अडकले आहेत.)

भाची : ते मी उद्याच छिलून घेणार आहे.

मामाजी : आज छिलशील तर उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फट पडेल. हे बघ, मी मिलमध्ये आयुष्य काढलं. जुना १३ मीटरचा रूळ घे. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत रुळाचं तापमान ४० अंशांनी बदललं, तर तो सहा मिलिमीटरनं वाढतो. म्हणून दोन रुळांच्या मधे फट सोडायचे. गाडीची खडखड त्या फटींचीच.

भाची : पण आता तर आपल्याकडे १३० मीटरचा रूळ लाटतात, आणि जोडून २६० मीटरचा करून पाठवतात. त्याला फट कुठे आहे? हिशेबानं तो बारा सेंटिमीटर वाढायला हवा.

मामाजी : मोकळा असता तर वाढलाच असता. पण त्याला स्लीपर आणि क्लिपा जागोजाग धरून ठेवतात. मधला भाग हलू शकत नाही, त्याचा ताण आतल्या आत राहतो. हालचाल होते ती टोकांकडे.

भाची : थांबा. मग तुमचा हा लांब रूळ म्हणजे प्लायच झाला! प्लायमध्ये एका थराचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे. एक थर फुगायला गेला की शेजारचा त्याला धरतो. म्हणून प्लाय फारसा हलत नाही.

मामाजी : आणि आजीची फळी म्हणजे जुना १३ मीटरचा रूळ. तिला धरणारा कुणी नाही.

या देवाणघेवाणीत मला सगळ्या विषयाचं मर्म दिसतं, म्हणून आकडा मांडून ठेवतो. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही. हलतं ते रुंदीत. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग वार्षिक वलयांच्या दिशेनं पाच-सव्वापाच टक्के आक्रसतो, आणि तरी तो शहाण्या लाकडांपैकी मानला जातो; छत्तीसगढचा राज्यवृक्ष असलेला साल त्याहून जास्त हलतो. मे महिन्यातल्या झळांपासून ऑगस्टच्या झडीपर्यंत फळीतला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला, तर वीस सेंटिमीटर रुंद सागवानी फळी दोन मिलिमीटरच्या आसपास फुगू शकते. भाचीनं दोन खणांच्या मधे एकच मिलिमीटर ठेवला होता. खण अडकणार हे मेमध्येच ठरलेलं होतं.

भाची : पण आज खण उघडतच नाहीत. माझे कपडे आत आहेत. ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हणणं तुम्हाला सोपं आहे.

मामाजी : छिलू नको म्हटलं, काही करू नको असं नाही म्हटलं. वरचा आणि खालचा खण तसाच ठेव. मधल्या खणाचा दर्शनी भाग आतून स्क्रू काढून उतरव आणि खण तसाच वापर. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लावताना मधे अडीच-तीन मिलिमीटर ठेव. आणि स्क्रूचं छिद्र गोल नको, उभं लांबट कर, म्हणजे फळी वर-खाली हलेल पण तडकणार नाही. तिच्या मागच्या बाजूला पॉलिश केलंस?

भाची : नाही. फक्त पुढून.

मामाजी : मग मागून ओल आत शिरते आणि पुढून शिरत नाही. फळी वाकडी होणारच.

भाची : हे मला माहीत होतं, दाराच्या बाबतीत मी पाळलंही. बाहेरून सनमाईका एक मिलिमीटरचा, आतून पातळ लायनर. दुकानात मुलगा म्हणत होता की आतून नुसतं वार्निश पुरे. मी ऐकलं नाही. म्हणून दारं सरळ राहिली.

मामाजी : शाबास. तेवढं केलं नसतंस तर ही उंच दारं धनुष्यासारखी झाली असती, आणि त्यांना सरळ करायचं म्हणजे आतून ताणाची सळई लावावी लागते. बिजागऱ्या किती?

भाची : चार. एका दाराचं वजन तेरा किलोच्या आसपास जातं. तीनवर लटकलं असतं.

इथपर्यंत बहुतेक मुद्द्यांवर मामाजींचं पारडं जड आहे, आणि ते तसंच आहे असं मलाही वाटतं. बांधणीच्या बाबतीत आधी पाया, मग डबा, मग दार, आणि स्क्रू सगळ्यांच्या शेवटी, हा क्रम उलटा करून कुठलंच कपाट टिकत नाही. पण दिसण्याच्या प्रश्नावर मामाजींच्या शिस्तीला मर्यादा आहेत, आणि भाचीनं त्या बरोबर ओळखल्या आहेत.

भाची : आता माझं ऐका. तुमच्या हिशेबानं डाव्या भिंतीशी सगळीकडे सोळा मिलिमीटरची फट. उजवीकडे वर सोळा, खाली बत्तीस. तुम्ही म्हणता पट्टी लावा. ती लावायची कशी?

मामाजी : पट्टी भिंतीला टेकवून ओळंब्यात धरायची. जिथे फट सगळ्यात जास्त, तेवढा कंपास उघडायचा. एक टोक भिंतीवर, पेन्सिलचं टोक पट्टीवर, आणि वरून खाली एका दमात ओढायचं. भिंतीचा प्रत्येक उंचवटा पट्टीवर उतरतो. जिगसॉनं रेघेच्या किंचित बाहेरून कापायचं, मागची कड थोडी आत घालायची, म्हणजे पुढची पातळ कडच भिंतीला लागेल. मग कानशीनं घासत घासत बसवायचं. उरलेली केसाएवढी फट ॲक्रिलिकच्या सीलंटनं भरायची. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

भाची : ते मला जमेल. पण रंग कोणता? तुम्ही म्हणाल, कपाटाचाच सनमाईका.

मामाजी : अर्थात. कपाटाचाच भाग आहे तो.

भाची : मग वर सोळा आणि खाली बत्तीस असा गडद तपकिरी पाचरासारखा पट्टा दिसेल. दारांच्या सरळ कडेशेजारी. भिंत झुकलेली आहे हे आज कुणाला कळत नाही. तुमची पट्टी सगळ्यांना सांगेल. मी ती भिंतीच्या रंगात रंगवणार. मग डोळा ती भिंतीतच धरेल, आणि कपाटाची कड दोन्ही बाजूंनी सरळ दिसेल.

मामाजी : भिंतीच्या रंगाची पट्टी दोन मिलिमीटर मागे दाबून लावावी लागेल. नाहीतर सांधा दिसेल.

भाची : दोन नाही, पाच. पाच मागे घेतली की तिथे सावली पडते, आणि सांधा मुद्दाम सोडल्यासारखा वाटतो.

मामाजी : आणि माळ्याखालची?

भाची : तिथे पट्टी नकोच. वर पन्नास मिलिमीटर मोकळे आहेत ते तसेच ठेवू. मागची भिंत पश्चिमेची आहे, पावसात ओलावते. डब्याच्या मागे वीस-पंचवीस मिलिमीटर हवा राहू दे, खालच्या चौकटीत दोन छिद्रं, आणि वर मोकळं. हवा खालून वर जाईल. दोन्ही बाजूंनी बंद केलं तर मागच्या प्लायला बुरशी धरेल, आणि वाळवी आली तर कळणारही नाही.

मामाजी : पण वरून धूळ पडेल. मेमधली लू सुटली की काय होतं ते तुला माहीत आहे.

भाची : धूळ डब्याच्या माथ्यावर पडेल, कपड्यांवर नाही. महिन्यातून एकदा पुसेन.

मामाजी : मी जाळी लावली असती.

भाची : जाळी चालेल. पण काढता येईल अशी, स्क्रूवर. खिळे नाही.

मामाजी : कबूल. आता पॉवर हाऊसच्या बाजारात जाऊन पट्टीसाठी प्लायचा तुकडा आणू. सत्तर मिलिमीटर रुंद घे, कापून कमी करता येतो.

भाची : सत्तर? फट तर बत्तीसची आहे.

मामाजी : पहिल्यांदा कापताना चुकेल, दुसऱ्यांदा जमेल. तेवढीही जागा सोड.